बाकीच्यांचा वाटा

रुग्णालयातल्या लोकांना तिचं काम नेमकं काय आहे हे कधीच कळलं नव्हतं. प्रिंटर अडला, पासवर्ड विसरला, फार काय, भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं तरी हाक तिलाच. "नेटवर्कवाल्या मॅडमना सांगा," एवढं म्हटलं की बाकी सगळे हात झटकून मोकळे. तिचीही तक्रार नसायची. ती घड्याळाचा सेल बदलायची, वेळ लावून द्यायची आणि आपल्या खोलीत परत यायची.

ती खोली तळमजल्यावर, औषधांच्या कोठाराच्या मागे होती. खिडकी नव्हती. एक टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीला टेकून एक लोखंडी रॅक. रॅकमध्ये वर सगळ्या केबल जिथे जोडतात तो स्विच, त्याच्यावर बारीक हिरव्या दिव्यांची ओळ, आणि सगळ्यांत खाली एक काळा चपटा संगणक. हा लिनक्सवर चालणारा फायरवॉल. बाहेरून येणारं आणि बाहेर जाणारं सगळं याच्या हातून जायचं. कुणाला आत घ्यायचं, कुणाला दारातूनच परत पाठवायचं हे तो ठरवायचा. आणि बाहेरची लाइन एकच असल्यामुळे त्यातला किती वाटा कुणाला द्यायचा, तेही तोच बघायचा. शस्त्रक्रियेच्या खोलीतल्या व्हिडिओचा वाटा राखीव, तपासण्यांच्या चित्रांचा वेगळा, कार्यालयाचा वेगळा. जे कुठल्याच नियमात बसत नव्हते त्यांच्यासाठी तिने शेवटी एक वाटा ठेवला होता आणि त्याला नाव दिलं होतं 'बाकीचे'. लाइन मोकळी असेल तेव्हा बाकीच्यांनी हवं तेवढं उसनं घ्यावं, पण वरच्यांनी मागितलं की तत्क्षणी परत द्यावं, असा रिवाज तिने घालून दिला होता. तो आजवर कुणी मोडला नव्हता.

तक्रार घेऊन सर्जन स्वतः खाली आले, तेव्हाच तिला कळलं की प्रकरण घड्याळाच्या सेलचं नाही.

"मॅडम, व्हिडिओवर समोरचे डॉक्टर गोठतात," ते खुर्चीवर न बसताच म्हणाले. "बोलता बोलता तोंड उघडं राहतं. मग तीन-चार सेकंदांनी एकदम सगळं पुढे जातं. परत थोड्या वेळाने तेच."

"आवाजही?"

"आवाजही. आता तुम्हीच विचार करा. पुढच्या आठवड्यात मी एका मुलीच्या मणक्यातली गाठ काढणार आहे. दूरच्या रुग्णालयातले माझे सर सूक्ष्मदर्शकातून तेच बघणार जे मी बघतोय, आणि मला सांगणार. त्यांनी 'थांब' म्हटलं आणि ते मला चार सेकंदांनी ऐकू आलं, तर तेवढ्यात माझा हात कुठे पोचलेला असेल?"

तिने नियमांचं पान उघडलं. 

चूक तिला त्याच दिवशी सापडली, आणि सापडल्यावर तिने कपाळाला हात लावला. वाट्यांची मर्यादा लिहिताना एका ठिकाणी बिटांच्या जागी बाइट पडले होते. एका बाइटात आठ बिट, तेवढ्याने कार्यालयाची मर्यादा आठपट सैल झाली होती. ती तिने आवळून घेतली. नेटवर्क कार्डाला माहितीची पॅकेटं, म्हणजे छोटी पाकिटं, गठ्ठ्याने पुढे ढकलायची सवय असते, त्यामुळे वाटे मोजणारा फायरवॉल फसतो. तीही तिने बंद केली. मग वर जाऊन सर्जनना चाचणी घ्यायला लावली. समोरचे सर पडद्यावर अर्धा तास बोलले, हसले, पाणी प्यायले, एकदाही अडले नाहीत.

ती समाधानाने जिना उतरत होती तेवढ्यात वरून हाक आली. सर पुन्हा गोठले होते. या खेपेला डोळे मिटलेले होते.

मग तिने प्रत्येक वाट्याचा आलेख पडद्यावर लावला आणि समोर बसून राहिली. व्हिडिओची रेषा सरळ होती. तपासण्यांची रेषा कुणाचा तरी एक्स-रे गेला की उडी मारायची आणि खाली यायची. कार्यालयाची जेवणाच्या सुटीत आडवी झाली. या सगळ्या रेषा तिच्या ओळखीच्या होत्या, घरातल्या माणसांच्या चपलांचा आवाज ओळखावा तशा. 'बाकीचे' मात्र तिने कधी फारसे निरखले नव्हते. तिथे काय असणार? एखादा विसरलेला फोन, एखादं जुनं यंत्र वेळ विचारायला बाहेर गेलेलं.

तिथे एक रेषा हळूहळू चढत होती. वर पोचली, गोल वळली, तशीच हळूहळू उतरली. क्षणभर थांबली. पुन्हा चढली. ती वर टेकायची त्याच क्षणी वरच्या मजल्यावर सर गोठायचे.

उसनं घ्यायची आणि मागितलं तरी परत द्यायची नाही, अशी ही रेषा होती. पत्ता रुग्णालयाच्याच नेटवर्कमधला होता, पण तिने तो कुणालाही दिलेला नव्हता. जायचं ठिकाण कुणाच्याच नावावर नव्हतं. तिने त्यातली काही पॅकेटं पकडून उघडून बघितली. सगळी एका मापाची. आत काही नव्हतं. तेवढीच येत होती, तेवढीच जात होती, आणि सगळी रिकामी.

घरी तिचे वडील होते. नोकरीभर त्यांनी पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्ह फिरवले होते, त्यामुळे लेकीचं काम आपल्याला पूर्ण समजतं अशी त्यांची खात्री होती.

"पाणी कमी येतंय असं म्हण ना सरळ," ते म्हणाले. "मग नळाला कशाला बोल लावतेस? मध्ये कोण भरून घेतंय ते बघ. लाइन धरून चालत जा."

"लाइन भिंतीतून जाते बाबा."

"आमची जमिनीतून जायची. आम्ही काय घरी बसलो होतो?"

तिला हसू आलं. दुसऱ्या दिवशी तिने वायरमनला बोलावलं आणि दोघं लाइन धरून चालत गेले.

स्विच सांगत होता की हे सगळं पहिल्या मजल्याकडे जाणाऱ्या एका पोर्टमधून, म्हणजे केबल खोचायच्या खाचेतून, येतंय. वायरमनने शिडी लावून छताची फळी सरकवली आणि केबल हाताने चाचपत पुढे निघाला. तो सारखा बोलणारा माणूस होता. प्रत्येक वळणाला तो ही केबल ज्याने टाकली त्याचा उद्धार करत होता. केबल बाळंतिणींच्या खोल्यांवरून गेली, धुण्याच्या खोलीवरून गेली आणि बोळाच्या टोकाला एका बंद दारापाशी खाली उतरली. आत जुने पलंग उभे करून ठेवले होते. गाद्यांच्या गुंडाळ्या छताला लागल्या होत्या. रेक्झिनचा आणि फिनेलचा वास कोंडला होता. पलंगांमागे, जमिनीपासून हातभर उंचीवर, भिंतीत केबलचं सॉकेट होतं.

सॉकेटमध्ये काहीही लावलेलं नव्हतं.

"झालं," वायरमन म्हणाला. "मॅडम, तुमचा चोर तर जागेवरच नाही."

ती गुडघ्यांवर बसली. बोटांनी सॉकेटवरची धूळ पुसायला हात पुढे केला आणि तसाच थांबवला.

"इथे हात लावून बघा जरा."

त्याने हात लावला. मग वाकून गालच जवळ नेला. सॉकेटच्या चौकोनी भोकातून ऊबदार, दमट हवा येत होती. थोडा वेळ आली, थांबली. मग हवा उलटी आत ओढली गेली, इतकी हळू की गालावरची बारीक लव तेवढी हलावी. मग पुन्हा बाहेर आली.

"एसीची असेल," तो म्हणाला.

"या बाजूला एसी आहे?"

त्याने शिडी उचलली. परतीच्या वाटेवर त्याने केबल टाकणाऱ्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

खोलीत येऊन तिने ती केबल स्विचमधून उपटली. 'बाकीच्यां'ची रेषा आडवी झाली. वायरमनने सुटकेचा श्वास सोडला आणि तो सोडून व्हायच्या आत रेषा पुन्हा चढू लागली. स्विच आता दुसऱ्याच पोर्टचा नंबर दाखवत होता. त्या पोर्टात केबलच नव्हती. प्लास्टिकचं झाकण बसवलेलं होतं, आणि झाकणामागे हिरवा दिवा लुकलुकत होता.

वायरमनला अचानक वरच्या मजल्यावरचा एक पंखा आठवला. तो गेला तो पुन्हा त्या खोलीत पाऊल टाकेना.

मग तिने एकेक उपाय करून पाहिले. तो पत्ता फायरवॉलवर अडवला, तर रेषा दुसऱ्या पत्त्यावरून आली. जायचं ठिकाण अडवलं, तर ठिकाण बदललं. काळा संगणक बंद करून पुन्हा चालू केला. तो उठला, त्याने नियम वाचले, आणि सगळ्यांच्या आधी 'बाकीचे' हलले. तिने हात टेकले. ही गोष्ट थांबवता येत नव्हती. तिच्यावर मर्यादा घालता येत होती, एवढंच. आणि तीही बाहेर जाणाऱ्यावर. येणाऱ्याला आवर घालणं फायरवॉलच्या हाती नसतं. तो जाणाऱ्यालाच आवळू शकतो.

ती हे करून बघणार तेवढ्यात दार वाजलं. शस्त्रक्रिया विभागाच्या सिस्टर होत्या. अंगाने थोराड, केस पिकलेले, आवाज मात्र अगदी मऊ. इथे यायच्या आधी त्यांची बहुतेक नोकरी अतिदक्षता विभागात गेली होती.

"कॅमेऱ्याचं काय झालं ते विचारायला आले," त्या म्हणाल्या आणि त्यांची नजर पडद्यावर गेली. "अगंबाई, हा कुठल्या बेडचा मॉनिटर लावून घेतलात?"

"मॉनिटर नाही सिस्टर. लाइन किती वापरली जाते त्याचा आलेख आहे."

"असं होय."

पण त्या हलल्या नाहीत. मान किंचित कलती करून बघत राहिल्या. मग आवाज आणखी खाली आणून म्हणाल्या, "झोपलंय हो."

"कोण?"

"जे कुणी आहे ते. बघा ना. आत जायला कमी वेळ लागतोय, बाहेर यायला जास्त. मध्ये जरासा विसावा. गाढ झोपेत असाच असतो श्वास."

तिने पाहिलं. येणाऱ्या पॅकेटांची रेषा आणि जाणाऱ्यांची रेषा, दोन्ही एकाखाली एक होत्या. इतके दिवस तिला त्यात चढ आणि उतार दिसला होता. आता ते दिसेनासं झालं आणि सिस्टर म्हणत होत्या तेच तेवढं दिसायला लागलं. भिंतीच्या ओलीत एकदा चेहरा दिसला की मग पुसता येत नाही, तसं.

"एखादा प्रोग्रॅम असेल," ती म्हणाली. "काही प्रोग्रॅम असे ठरावीक वेळाने—"

"असेल की." सिस्टर खुर्चीवर बसल्या. "मॅडम, एक सांगू? ती पुढच्या आठवड्यातली मुलगी माझी भाची आहे. धाकट्या बहिणीची. गेल्या महिन्यापर्यंत जिन्यावर उड्या मारत चढायची. आता पाय उचलत नाहीत. म्हणून स्वतः विचारायला आले तुम्हाला, राग मानू नका."

"राग कसला. मी मर्यादा घालतेय त्याच्यावर. आत्ताच."

तिने आकडा लिहिला आणि एंटर दाबलं.

जाणारी रेषा चढली आणि वरती गोल वळायच्या ऐवजी कापल्यासारखी सपाट झाली. व्हिडिओची वाट मोकळी झाली. तिने समाधानाने मान वळवली, तर सिस्टर खुर्चीच्या कडेवर आल्या होत्या. पडद्यावर दुसरा उंचवटा आला, पहिल्याच्या फार जवळ. मग तिसरा, त्याहून जवळ. सगळ्यांचे माथे सपाट. विसावा उरला नव्हता.

"काढा ते," सिस्टर म्हणाल्या.

"सिस्टर, हा फक्त—"

"मला माहीत आहे ते फक्त काय आहे ते. काढा आधी."

तिने मर्यादा काढली. रेषा उंच, वेडीवाकडी उसळली, मग कितीतरी वेळाने पूर्वीच्या लयीत आली. खोलीत दोघींनाही घाम फुटला होता.  जाताना सिस्टर दारात घुटमळल्या. "ऑपरेशनच्या दिवशी थोडंसंच करा," त्या म्हणाल्या. "त्याला सोसेल एवढंच."

शस्त्रक्रियेच्या दिवशी ती नेहमीपेक्षा लवकर आली.  कार्यालयाला तिने दिवसभर काही मोठं पाठवू नका अशी ताकीद दिली होती, तपासण्यांची चित्रं थांबवून ठेवली होती. लाइन जवळजवळ सगळी व्हिडिओच्या नावे होती. वरून फोन आला. चित्र स्वच्छ आहे, सुरुवात करतोय.

थोड्या वेळाने सिस्टर खाली आल्या. सर्जननी त्यांना आत उभं राहू दिलं नव्हतं. नात्यातलं माणूस टेबलावर असताना नको, असं म्हणाले होते, आणि ते बरोबरच होतं. बहीण बोळात बसली होती. तिच्याशेजारी बसवेना म्हणून सिस्टर इथे आल्या होत्या.

'बाकीच्यां'ची रेषा शांत होती. हळू चढत होती, हळू उतरत होती. दोघी ती बघत राहिल्या, पाळण्यापाशी बसावं तशा. 

मग रेषा जरा उंच गेली. पुढची त्याहून उंच.

"जागं होतंय," सिस्टर म्हणाल्या.

फोन वाजला. "मॅडम, चित्र अडकलं. डॉक्टर थांबलेत. गाठ उघडी आहे, लवकर."

तिने मर्यादा घातली, सोसेल एवढी. माथे सपाट झाले. फोनवरचा आवाज म्हणाला, आलं, चालू झालं. आणि लगेच, नाही, पुन्हा अडकलं. उंची कमी झाली होती, पण उंचवटे एकावर एक धावत येत होते. बेरीज तेवढीच होत होती.

तिने आकडा निम्म्यावर आणला.

उंचवटे आणखी जवळ आले. दार ठोठावल्यासारखे.

"सर गोठलेत!" फोनमधून ओरडा आला. मागे सर्जनचा आवाज ऐकू आला, ते कुणाला तरी हलू नका म्हणत होते. यंत्राची टिकटिक ऐकू येत होती.

तिची बोटं की-बोर्डवर होती. ती सिस्टरकडे बघायला धजत नव्हती.

"आवळा," सिस्टर म्हणाल्या.

"सिस्टर, तुम्हीच म्हणाला होतात—"

"माझ्या लक्षात आहे मी काय म्हणाले होते. आवळा, बाई."

तिने लिहिता येईल तेवढा लहान आकडा लिहिला. एंटर दाबलं.

रेषा जवळजवळ जमिनीला टेकली. येणारी रेषा मात्र उंच चढली, चढतच गेली. बाहेर टाकता येईना, पण आत ओढणं चालूच होतं.

"आलं," फोनमधून आवाज आला. "स्वच्छ दिसतंय. चालू करतोय. फोन ठेवू नका."

तिने डोळे मिटून घेतले.

"तुम्ही नका बघू," सिस्टर म्हणाल्या. "मी बघते. कुणीतरी बघायला हवं."

खोलीत पंख्याची घरघर होती. फोनमधून फार दूरवरून एक थकलेला, म्हातारा आवाज सांगत होता, थोडं डावीकडे, हां, हळू, थांब. आणि सर्जन थांबत होते. लगेच थांबत होते.

तिने डोळे उघडले तेव्हा पडद्यावर एक बारीक टोक उगवलं. मग बराच वेळ काही नाही. मग आणखी एक, पहिल्याहून बुटकं.

मग काही नाही.

सिस्टरनी अतिदक्षता विभागातल्या सवयीने मनगट वळवून घड्याळात पाहिलं. पाहिल्यावर आपण काय केलं हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी हात खाली घेतला आणि दुसऱ्या हाताने ते मनगट घट्ट धरून ठेवलं.

गाठ सगळी निघाली. संध्याकाळी मुलीने पायाची बोटं हलवली तेव्हा तिची आई रडली, सर्जनसुद्धा तोंड फिरवून चष्मा पुसू लागले. खाली फोन करून ते म्हणाले, "मॅडम, निम्मं ऑपरेशन तुमचं." तिने बरं म्हटलं. त्याआधीच तिने मर्यादेचा नियम पुसून टाकला होता. नुसता आकडा वाढवला नव्हता, पूर्ण ओळच काढून टाकली होती. आणि वाट बघत बसली होती. रेषा आडवीच राहिली.

घरी जाण्यापूर्वी ती पहिल्या मजल्यावरच्या त्या खोलीत गेली. पलंगांमागे बसून तिने सॉकेटवर तळहात ठेवला. प्लास्टिक थंड होतं. तिने बराच वेळ हात काढला नाही.

रात्री वडिलांनी विचारलं, "सापडलं का कोण भरून घेत होतं ते?"

"सापडलं."

"मग? दम दिलास की नाही?"

"बंद झालं ते आता," ती म्हणाली आणि ताटावरून उठली. 

मुलगी पुढे कठड्याला धरून उभी राहिली, मग बोळातून चालली, मग घरी गेली. रुग्णालयात पुन्हा प्रिंटर अडू लागले आणि लोक पासवर्ड विसरू लागले. तिला बरं वाटायचं अशा हाका आल्या की. खोलीत एकटीने बसणं ती टाळत होती. 'बाकीच्यां'चा आलेख तिने पडद्याच्या कोपऱ्यात लहान करून ठेवला होता, बंद करवत नव्हता आणि बघवतही नव्हता.

एका दुपारी सिस्टर कागदी पेल्यांत चहा घेऊन आल्या. त्या दिवसानंतर प्रथमच. भाचीबद्दल सांगत होत्या. आता ती सायकल मागतेय, आईला घाबरवतेय. दोघी हसल्या. हसता हसता सिस्टरनी पेला टेबलावर ठेवला.

"हे कधीपासून आहे?"

"काय?"

सिस्टरनी कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिने आलेख मोठा केला. आडवी रेषा अगदी आडवी नव्हती. जमिनीपासून केसभर वर एक हालचाल होती. चढायची, उतरायची. इतकी कमी की नजरेला चुकवून जावी.

"मर्यादा काढलीत ना तुम्ही?"

"त्याच दिवशी काढली. काहीच नाहीये आता. हवं तेवढं घेऊ शकतं." ती म्हणाली. "थांबा, दाखवते तुम्हाला."

तिने नियमांचं पान उघडायला की-बोर्डवर बोट टेकलं. रेषा सपाट झाली.

तिने बोट उचललं. दोघी गप्प राहिल्या. बाहेर बोळातून कुणाची तरी ढकलगाडी खडखडत गेली, तिचा आवाज विरला. मग आणखी बऱ्याच वेळाने रेषा केसभर वर आली.

"झोपेतला श्वास नाही हा," सिस्टर ओठ न हलवता बोलल्यासारख्या म्हणाल्या. "मुलांच्या वॉर्डात बघितलंय मी. सुई घेऊन आपण आत शिरलो की पांघरुणाखाली असाच श्वास रोखून पडतात. आपल्याला वाटावं, पलंगावर कुणी नाहीच."

चहा निवत होता. तिने टेबलावरचे दोन्ही हात अगदी हळूहळू मागे घेतले आणि मांडीवर ठेवले. तेवढ्याने तिची खुर्ची किंचित करकरली.

रेषा सपाट झाली.